तीन मीटर कापड आणि दोन खिसे

मला खिसे हवे होते. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मी ड्रॉइंग विभागात आहे. मोबाईल, गेटपास, पेन आणि सहा इंची स्टीलपट्टी एवढं दिवसभर जवळ लागतंच, आणि बाजारातल्या कुर्त्याला खिसा असलाच तर त्यात जेमतेम रुमाल मावतो. त्यातून खांद्याला नीट बसणारा कुर्ता माझ्या कंबरेवर ताणतो, कंबरेला सैल घ्यावा तर खांदे खाली उतरतात. शिवायला टाकावा तर लग्नसराईत ब्लाऊजांच्या ढिगाखाली आपला ड्रेस कुठे जातो पत्ता लागत नाही. पडदे, अभ्रे, साडीचा फॉल हे मी आधीपासून करते, त्यामुळे मशीनची भीती नव्हती. अंगावर घालायचा अख्खा ड्रेस स्वतः बेतून शिवायची मात्र पहिलीच वेळ.

आमच्या इमारतीत, इंदिरानगरला, एक काकू कित्येक वर्षं शिवणकाम करतात. त्यांच्याकडे मी चित्र काढून घेऊन गेले. कंबरेपर्यंत अंगाबरोबर, खाली कळ्यांचा, म्हणजे वर निमुळत्या आणि खाली रुंद तुकड्यांचा घेर, कोपरापर्यंत बाही. काकूंनी कागद हातात घेतला, पण बघितला नाही.

"कापड कुठलं?"

"अजून घेतलं नाही काकू."

"मग हे चित्र कशाचं काढलंस? आधी कापड आण. ते काय म्हणतंय बघू, मग घेराचं ठरवू."

मला हसू आलं, कारण ऑफिसात मीही हेच बोलते. ड्रॉइंगवर मटेरियलचा रकाना रिकामा असला तर मी ते पुढे सरकू देत नाही. पत्रा कुठला आहे हे कळल्याशिवाय तो किती वळेल ते कसं सांगणार? फरक इतकाच, की पत्र्याचा ग्रेड कागदावर लिहून येतो. कापडाचा हातानेच ओळखावा लागतो.

नाशिकमध्ये हाताने कापड बघायचं तर मेन रोड. कॉलेज रोड, गंगापूर रोडला दुकानं देखणी आहेत, पण तिथे थान उलगडा म्हणायचा आपल्यालाच संकोच वाटतो. मी बसने शालिमारला उतरले आणि तिथून चालत दहीपुलाकडे निघाले. सुट्टीच्या दिवशी त्या गर्दीत गाडी घालण्यात अर्थ नाही. दुकानात शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, ड्रेस मटेरियल दाखवू?" आणि हो म्हणायच्या आत टॉप-बॉटम-ओढणीची पाकिटं समोर पडायला लागतात. मला हवं होतं रनिंग, म्हणजे थानातून मीटरने फाडून मिळणारं. तसं आधीच स्पष्ट सांगितलं की पाकिटं थांबतात आणि गादीवर थानं यायला लागतात.

पहिलं थान रेयॉनचं आलं आणि खरं सांगायचं तर तेच सगळ्यात सुंदर दिसत होतं. हातावर टाकलं की पाण्यासारखं ओघळायचं. पण काकूंनी बजावून पाठवलं होतं, सुळसुळीत घ्यायचं नाही. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून करतात, म्हणून अंगाला सुतीसारखं गार लागतं. पण कात्रीखाली सरकतं, खडूची रेघ ओढली की रेघेसकट हलतं, आणि ओलं झालं की त्याची ताकद निम्म्यापर्यंत उतरते. सहा कळ्यांचे तिरके जोड अशा कापडावर करायची माझी तयारी नव्हती. मग मल, पातळ सुती. उन्हाळ्याला उत्तम, पण आरपार. सबंध अस्तर लावायचं म्हणजे सहाच्या बारा कळ्या. मंगलगिरी (आंध्रची हातमागाची सुती) हाताला भरीव लागली, पण तिच्या काठात तिची शोभा आणि कळ्या कापताना तोच काठ वाया जाणार. खणाचे ड्रेस हल्ली जिकडेतिकडे दिसतात. हातमागाच्या खणाचा पन्हा (कापडाची रुंदी) मात्र लहान असतो, चोळीपुरताच तो विणला जायचा. लिनन मी मुठीत धरलं आणि लगेच परत दिलं. चुरगळलेलं लिनन भारी दिसतं म्हणतात, पण माझ्या ऑफिसात ते फक्त चुरगळलेलंच दिसेल.

शेवटी मन बसलं ते कॅम्ब्रिकवर. बारीक विणीचं साधं सुती कापड, ना फार कडक ना फार लोंबणारं. खडू धरतं, इस्त्रीला ऐकतं आणि पहिल्या ड्रेसाला परवडतंसुद्धा. मीटरला दीडशेच्या आसपास भाव होता.

कापड बघायची माझी पद्धत इथे सविस्तर लिहिते, कारण रंग आणि नक्षी सगळेच बघतात. थानाची पडण कोणी बघत नाही. दोन-अडीच हात कापड मोकळं करायचं, एका बिंदूत चिमटीत धरायचं आणि तसंच लोंबू द्यायचं. घड्या बारीक आणि जवळजवळ पडल्या तर ते कळ्यांना आणि चुण्यांना चांगलं. तंबूसारखं बाजूला उभं राहिलं तर घेरदार काही शिवू नये, सरळ कुर्ता शिवावा. मग एक कोपरा मुठीत दाबून दहापर्यंत मोजायचं आणि सोडायचं. किती घड्या राहतात ते तिथेच दिसतं. मग कापड घेऊन दुकानाच्या दाराशी उजेडात जायचं. ट्यूबलाइटखाली निळा एक दिसतो आणि उन्हात दुसराच. शिवाय उजेडासमोर धरल्यावर कापड किती पारदर्शक आहे, वीण कुठे विरळ आहे हेही कळतं. शेवटी दोन बोटांत जोरात चोळायचं. पांढरी भुकटी निघाली तर कापडाचा भरीवपणा खळीचा आहे, पहिल्या धुण्यात निघून जाईल.

आणि धागा जाळून बघायचा. एका दुकानात शंभर टक्के सुती म्हणून दाखवलेल्या थानाच्या कडेचा धागा मी काढला, तर त्यांनी स्वतःच हौसेने काडी ओढली. धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. पॉलिस्टर. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि राख बोटांत भुगा होते. दुकानदार म्हणाले, "थोडं मिक्स असेल ताई, टिकायला बरं." त्यांचंही चूक नाही, टिकतं खरं. पण एप्रिलमध्ये अंबडच्या शेडमधून फिरायचं असेल तर तो मणी लक्षात ठेवायला हवा. रेयॉनही कागदासारखंच जळतं, तेव्हा रेयॉन की सुती हे जाळून कळत नाही. त्यासाठी धागा ओला करून ओढायचा; पटकन तुटला तर रेयॉन.

पसंत पडलेली थानं दोन होती. एकावर वेलबुट्टी, सगळी एकाच दिशेने वर चढणारी. दुसऱ्यावर गडद निळ्यावर पांढरे छोटे ठिपके, ज्यांना वर-खाली नाही. वेलबुट्टी जास्त छान होती. दुकानदार म्हणाले, "दोन्हींतलं साडेतीन मीटर घ्या, डोळे झाकून." मी पर्समधून कागद काढला.

कापडाचा पन्हा ४४ इंच. माझी कंबर सैली, म्हणजे ठेवायची मोकळीक, धरून ३६ इंच, म्हणजे सहा कळ्यांना प्रत्येकी ६ इंच, आणि दोन्ही बाजूंची अर्धा-अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं कापड, धरून वरची रुंदी ७. खालची मी १७ ठेवली. शिवल्यावर प्रत्येकी १६, म्हणजे एकूण घेर ९६ इंच. चालताना मोकळा आणि शेडमध्ये कुठे अडकणार नाही इतपत. एका कळीची उंची ३१: तयार लांबी २९, कंबरेच्या जोडाला अर्धा, खालच्या दुमडीला दीड. आता ठिपक्यांचं कापड असेल तर कळ्या उलटसुलट लावता येतात. एक सुलटी, मधली उलटी, तिसरी सुलटी. १७ अधिक ७ अधिक १७, एकूण ४१, म्हणजे पन्ह्यात तीन कळ्या बसल्या. दोन लांब्यांत सहाही निघाल्या: ६२ इंच, १ मीटर ६० सेंटीमीटर धरा. वेलबुट्टीची कळी उलटी लावली तर शिवल्यावर एक वेल वर आणि शेजारची खाली. म्हणजे सगळ्या सुलट्याच हव्यात. मग पन्ह्यात फक्त दोन बसतात आणि तीन लांब्या लागतात, ९३ इंच. वरचा भाग, बाह्या आणि गळ्याची पट्टी यांना १ मीटर, आणि आटण्यासाठी वीसातला एक भाग वर. ठिपके: पावणेतीन, तर ३ मीटर घ्या. वेलबुट्टी: साडेतीनच्या किंचित वर, म्हणजे पावणेचार. डोळे झाकून साडेतीन घेतलं असतं तर एका कापडात अर्धा मीटर उरला असता आणि दुसऱ्यात बाही अपुरी पडली असती.

मी ठिपके घेतले, पैशांपेक्षा नेमकेपणासाठी. दुकानदारांनी कडेला छोटा काप दिला आणि कापड टर्रकन फाडलं. मला ते आवडतं. सुती कापड फाडलं की आडव्या धाग्याच्या रेघेत फाटतं आणि कड सरळ मिळते. टेबलावर कात्रीने कापून दिलेल्या तुकड्याची कड बहुतेकदा तिरकी निघते.

बाकीचं सामान मॅचिंग सेंटरमधून: दोरा, बावीस इंची चेन, गळ्याला कडकपणा द्यायचं पेस्टिंग, खिशांसाठी अर्धा मीटर पॉपलिन. दोऱ्याचा रंग कापडापेक्षा किंचित गडद घ्यावा, फिका दोरा टिपेत उठून दिसतो. खिशाला पॉपलिन यासाठी, की कॅम्ब्रिकचा खिसा मोबाईलच्या वजनाने महिन्याभरात खाली ओघळतो.

कापड घरी आलं की ते बेतायला बसायची घाई होते, आणि तिथेच थांबावं लागतं. आधी ते भिजवायचं. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, शिवल्यावर आटलं तर खांदा वर सरकतो. मी गार पाण्यात तासभर बुडवून ठेवलं, न पिळता गॅलरीत सावलीला टाकलं. लांबीत जवळजवळ चार इंच गेले, म्हणजे धरलेल्या वाढीच्या आतच. निळा रंग थोडा सुटला. सासूबाईंनी पाण्यात मूठभर खडेमीठ टाकायला सांगितलं होतं, त्यांच्या समाधानासाठी टाकलंही. खरं तर मिठाचा उपयोग रंगवताना होतो, रंग धाग्यात शिरायला. एकदा रंगून आलेल्या कापडाचा रंग मिठाने पक्का होत नाही. जास्तीचा सुटून जाईपर्यंत दोन-तीनदा वेगळं धुणं हाच उपाय. किंचित ओलं असतानाच इस्त्री केली, तीही उभ्या धाग्याच्या दिशेने. तिरकी फिरवली की कापड ताणलं जातं.

वरच्या भागाची चाचणी मी मांजरपाटावर घेतली. नाशिक जिल्ह्यात राहून मांजरपाट महाग पडत नाही. मालेगावात यंत्रमागावर ग्रे, म्हणजे न रंगवलेलं कापड विणलं जातं, त्यातलं बरंच रंगाई-छपाईसाठी राजस्थानात पाली-बालोतऱ्याकडे जातं; तसलंच कोरं, पिवळसर, जाडंभरडं कापड आपल्याकडे मांजरपाट म्हणून मिळतं. छाती ३६ आणि ३ इंच सैली, ३९चा चौथा भाग पावणेदहा. हे गणित खाकी कागदावर झालं. पण माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित उतरता आहे हे कागदाला माहीत नव्हतं. मांजरपाट अंगावर चढवल्यावर काकूंनी उजव्या खांद्याच्या टोकाला पाव इंचाची चिमटी घेऊन टाचणी लावली आणि काखेतली तिरकी घडी गेली. रेडिमेड कुर्ते खांद्यावर का बसत नाहीत, त्याचं उत्तर पाव इंचात होतं.

खिशांचा प्रश्नही त्याच बैठकीत सुटला. माझ्या चित्रात खिसे बाजूच्या शिवणीत होते आणि चेनही डाव्या बाजूलाच, म्हणजे दोघांची मारामारी. काकू म्हणाल्या, "कळीचा जोड पुढे मधोमध येऊ दे. मागेही मधोमध. चेन मागे घाल. मग पुढचा दुसरा जोड बघ कुठे येतो." मी मोजलं. मधल्या जोडापासून ६ इंचांवर पुढचा जोड, आणि माझी बाजू ९ इंचांवर. म्हणजे खिसा बाजूपेक्षा ३ इंच पुढे, हात सहज जाईल अगदी तिथे. शिवाय काखेखालची शिवण कळीच्या जोडावर येत नाही, त्यामुळे कंबरेला जाडी साचत नाही. माझ्या डिझाइन रिव्ह्यूत इतकी स्वच्छ सूचना क्वचित येते.

बेतायला दुपार लागली. हॉलमधलं टीपॉय बाजूला, फरशी पुसून कोरडी, वर चादर. कळीच्या कागदावर मधोमध रेघ मारलेली होती. ती रेघ कापडाच्या किनारीपासून वर आणि खाली सारख्या अंतरावर आली की कळी उभ्या धाग्यावर बसली असं समजायचं. दर कळीला दोनदा टेप लावला. कंटाळवाणं काम आहे, पण धागा चुकलेली कळी चालताना एका बाजूला फिरते आणि नंतर तिला कुठलीच इस्त्री सरळ करत नाही. माया किती सोडायची याबद्दल काकूंचं आणि छापील परदेशी नमुन्यांचं पटत नाही. त्या नमुन्यांत बहुतेक सगळीकडे सारखी दीड सेंटीमीटर असते. काकूंकडे बाजूला एक इंच, खांद्याला अर्धा, गळ्याला पाव. "बाजूला सोडलेलं पुढे उसवून सैल करता येतं. गळ्याला जास्त ठेवून काय करणार? वळणच बसत नाही." मी काकूंचं ऐकलं. गळा मात्र त्यांनी मला पूर्ण कापू दिला नाही. अर्धा इंच कमी खोल कापून ठेवला, अंगावर घालून बघितल्यावर उतरवायचा.

मग मशीन. १४ नंबरची नवी सुई, कॅम्ब्रिकला ती बरोबर. मलला ११ची लागली असती. आधी त्याच कापडाच्या चिंधीवर दुहेरी टीप मारून उलटसुलट बघितली. खालच्या बाजूला दोऱ्याची गाठोडी दिसत होती, म्हणजे वरचा ताण ढिला. चकती थोडी आवळल्यावर दोन्ही बाजूंची टीप सारखी झाली. पहिली खरी टीप गळ्याच्या कडेने, काहीही न जोडणारी: कापलेला गोल गळा हाताळताना उरेब, म्हणजे तिरक्या धाग्याच्या भागात ताणत जातो, म्हणून शिवणीच्या रेघेला लागून, मायेच्या बाजूला एक टीप घालून त्याला थोपवायचं. दुसरं काम कंबरेचे टक्स, म्हणजे मापात बसवायला घातलेल्या टोकदार चुण्या. टकच्या टोकाशी मशीन मागे-पुढे करायचं नाही, तिथे फुगवटा येतो. टीप कापडाबाहेर काढून दोरे लांब सोडायचे आणि हाताने गाठ मारायची. मग खांदे, मग गळ्याची पट्टी. पट्टी पलटण्याआधी वळणावर मायेला बारीक काप दिले, टिपेला न पोचणारे. दर टिपेनंतर इस्त्री. काकूंच्या मशीनशेजारी इस्त्री कायम तापलेली का असते हे मला आता कळलं. न दाबलेल्या शिवणीवर दुसरी शिवण गेली की तो भाग कितीही सरळ शिवला तरी घरगुती दिसतो.

कळ्या जोडायला मजा आली. सगळ्या एकाच दिशेने, कंबरेकडून घेराकडे. एक कळी त्या दिशेने आणि पुढची उलट दिशेने शिवली तर एक पदर ओढला जातो आणि जोड वळतो. खिशाचे चारही तुकडे कळ्यांना आधी जोडून घेतले, मग कळीची टीप खिशाच्या कडेने वळवून पुढे नेली. खिशाची वरची कड कंबरेच्या शिवणीत धरायची आहे, म्हणजे मोबाईलचं वजन कंबरेवर जाईल, जोडावर नाही.

पाच जोड झाले. सहावा मागचा, तो वरून ७ इंच चेनसाठी उघडा ठेवला. सध्या तो घेर कंबरेकडून चिमटे लावून कपाटाच्या दाराला टांगलेला आहे, कारण कळ्यांच्या तिरक्या कडा स्वतःच्या वजनाने थोड्या खाली उतरतात आणि उतरायच्या त्या दुमड घालण्याआधीच उतरून घ्याव्यात. खालची कड मग जमिनीपासून मोजून सारखी करायची. हे काम घालणारीला एकटीला जमत नाही. ती सरळ उभी राहणार आणि दुसरं कोणीतरी फूटपट्टी जमिनीवर टेकवून भोवती खडूने खुणा करत जाणार. येत्या सुट्टीला त्यासाठी नवऱ्याला फरशीवर बसवणार आहे. त्याने तयारी दाखवली आहे, फक्त माझी स्टीलपट्टी वापरायची का टेप, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.